अडेल

सिस्टरने दार अर्धवट उघडून "पुढचा" म्हटलं आणि पुढचा म्हणून, मुलाखती घ्यायला बसलेल्या तिच्यापुढे, तिचाच धाकटा भाऊ आला. इतक्या वर्षांनी, तरी ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही, आणि आधी याचाच तिला राग आला. ओळखीचं उरलंच काय होतं त्याच्यात! गालफडं आत गेलेली, कपाळ तेवढं मोठं झालेलं, शर्ट खुंटीला अडकवावा तसा खांद्यांवर लटकलेला. पण चालताना डावा पाय किंचित फेकायची सवय तीच. बसण्याआधी खुर्ची एकदा मागे सारून तिचे पाय तपासायचे, तेही तेच. माणसाचं सगळं झडून जातं आणि असल्या फालतू गोष्टी तेवढ्या शिल्लक राहतात. ओळखीचा माणूस निघाला तर मुलाखत थांबवायची, दुसऱ्याकडे द्यायची, असा नियम होता. दुसरं कोणी नव्हतंच. या दवाखान्यात ती एकटीच येत होती, कारण ऑफिसातल्या बाकीच्यांना इथला वास सहन होत नव्हता. तसं कोणी म्हणत नव्हतं, पाठदुखी म्हणत होते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "विचारा मॅडम," तो म्हणाला, "बाहेर रांग आहे." मॅडम. ठीक. तिने पाटी पुढे ओढली.

पाटी म्हणजे तिचं हत्यार. लाकडाची, वर एक राखाडी पट्टी, खाली एक हिरवी, आणि हिरवीवर शून्य ते दहा अशी मागेपुढे सरकणारी पितळेची चकती. तोंडपाठ वाक्यं ती तोंडपाठ आवाजात बोलली. समजा तुम्हाला आणखी दहा वर्षं मिळणार आहेत, पण तब्येत आज आहे अशीच. ही वरची पट्टी. दुसरीकडे तब्येत ठणठणीत मिळेल, पण वर्षं कमी. ही खालची. किती वर्षं सोडायला तयार व्हाल? चकती तिथपर्यंत मागे न्या. हे बोलताना ती नेहमी समोरच्याच्या हातांकडे बघत असे, तोंडाकडे नाही. त्याची नखं स्वच्छ कापलेली होती. आजारी माणसाची नखं इतकी नीट कापलेली तिने पाहिली नव्हती.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"नवीन औषध आलंय. जुनी औषधं ज्यांना लागू पडेनाशी झालीत त्यांच्यासाठी. ते सरकारने फुकट द्यायचं की नाही, ते ठरायचंय."

"म्हणजे माझ्यासाठी."

"तुमच्यासारख्यांसाठी."

"हां. सारख्यांसाठी." तो पाटीकडे बघत राहिला. मग त्याने अंगठ्याने चकती सावकाश मागे नेली, पार शून्यापर्यंत, आणि तशीच सावकाश पुढे आणून होती तिथे, दहावर, ठेवली. "म्हणजे मी जितकी वर्षं कापून देईन तितकं माझं आजचं जगणं फालतू, बरोबर? आणि ते जितकं फालतू तितकं ते औषध भारी." हे सांगायचं नसतं. हे कोणी विचारतही नसतं. "बोलू नका, नोकरी जाईल," तो हसला. दात तसेच, एकावर एक चढलेले. "एक दिवससुद्धा नाही."

"नीट विचार करून सांगा."

"केला की. सकाळी मी उठतो. समोरच्या गच्चीवर एक म्हातारा व्यायाम करतो, साफ चुकीचा. एक दिवस त्याची कंबर धरणार, मला माहीत आहे. त्याला शिव्या घालत मी चहा करतो. दोन घोट पोटात टिकले तर दिवस माझा. नाही टिकले तर खिडकीशी बसतो, म्हातारा तर असतोच. यातला कुठला दिवस कापू, तुम्हीच सांगा, मॅडम." तिने कागद पुढे सरकवला. त्याने सही केली, खुर्ची जागच्या जागी नीट लावली आणि दारात वळून म्हणाला, "चकती मध्येच अडकते. खाचेला कोरडा साबण घासा." मग पुढचा आला.

अशा लोकांना ऑफिसात अडेल म्हणत. चकती हलवायला नकार देणारे ते अडेल. अहवालात अर्थात हा शब्द नसे, पण जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडताना, "आज किती अडेल मिळाले?" असं सहज विचारलं जाई. अडेलांचा एक घोळ होता. गळून गेलेला, उलट्या करणारा, जिना न चढू शकणारा माणूस जर म्हणाला की मी एक दिवसही देत नाही, तर हिशेबाच्या भाषेत त्याचा अर्थ होतो की त्याचं जगणं पूर्ण आहे, शंभर टक्के, ठणठणीत माणसाइतकंच. मग त्याला बरं करून मिळवलं काय? काहीच नाही. औषध महाग, मिळकत शून्य. त्यातून या नव्या औषधाने आयुष्य नक्की किती वाढतं हे अजून कोणालाच धड ठाऊक नव्हतं. चाचणी तोकडी होती. ठाऊक होतं ते इतकंच की माणसं अंथरुणातून उठतात, खातात, जिना चढतात. म्हणजे सगळा भार जगण्याच्या दर्जावर. दर्जा! काय शब्द आहे. कापडाला असतो, गव्हाला असतो. आता माणसाने समोर येऊन सांगायचं की साहेब, माझा माल हलका आहे, किडका आहे, घ्या पदरात. भिकाऱ्याने जखमेवरचं फडकं बाजूला करून दाखवायचं, तेव्हा नाणं पडतं. जखमेला फडकं बांधून, नखं कापून, ताठ उभा राहिलास तर पुढे चल बाबा, तुझं बरं चाललंय.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि ती दोन थांबे पुढे गेली. उतरून मागे चालत येताना तिच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात त्याच्याशी भांडतोय. थोडं दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? दोन वर्षं. तीन वर्षं. पितळेचा एक तुकडा बोटभर मागे सरकवायचा, बस. खरीखुरी कोण कापणार होतं तुझी वर्षं? पण त्याला ते कधीच जमलं नाही. शाळेत गणिताच्या मास्तरांनी फळ्याशी उभं केलं की हा खडू हातात धरून नुसता उभा राही. उत्तर येत असे, पण लिहीत नसे, कारण मास्तरांनी आधी कोणाला तरी गाढव म्हटलेलं असे. मग छडी निघायची. ती वरच्या वर्गात होती. शिपाई बोलवायला आला की ती धावत जाई आणि म्हणे, "मास्तर, मारू नका, त्याला कळत नाही." मास्तर छडी खाली ठेवत. न कळणाऱ्याला मारण्यात मजा नसते. आणि घरी येताना तो तिच्याशी अख्खा रस्ता बोलत नसे. "मला कळतं," दाराशी आल्यावर तो म्हणे, "मला करायचं नव्हतं."

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खिडकी, खाली दुचाकी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, दिवसभर पत्र्यावर हातोडी. रविवारी ती हातोडी थांबते तेव्हा खोली इतकी मोठी होते की तिला खुर्चीतून उठवत नाही. तिने चहा कानतुटक्या कपात ओतला. हा कप त्याचा. वर्षांपूर्वी एके दिवशी घरी सगळे जेवायला बसले होते आणि त्याने पाणी मागावं तसं सांगून टाकलं की मला एचआयव्ही आहे, तपासणी दोनदा झाली, आता कोणी तिसऱ्यांदा कर म्हणू नका. बाबा ताटावरून उठले, हात धुतले, परत धुतले. आई त्याच्यावर ओरडली नाही. आई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आईने फक्त त्याचा कप वेगळा काढला आणि तो रोज उकळायला लागली. पातेल्यात पाणी खळखळायचं आणि कप तळाला ठकठक आपटत राहायचा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. डॉक्टरांनी सांगितलं, असं काही लागत नाही हो. आई म्हणाली, "माहीत आहे मला," आणि उकळत राहिली. एक दिवस कपाचा कान पातेल्यात सुटून आला. तो म्हणाला, "बघ आई, कप गेला. मी अजून आहे." कोणी हसलं नाही. तिला हसू आलं होतं, पण ती चपात्या वाढत होती. रात्री आई त्याच्या उशाशी बसून म्हणत असे, "अरे, एकदा बाबांपुढे चुकलो म्हण. रड थोडा. बापाचं काळीज आहे, वितळेल." तो रडला नाही. "माझं काही चुकलेलं नाही, आजारी पडलोय," एवढंच. "अडेलतट्टू!" आई म्हणाली. एका पिशवीत मावेल तेवढं घेऊन तो गेला. नंतर नंबर बदलला. बाबा गेले, मग आई गेली, आणि वाटणीला म्हणावं असं तिच्याकडे एवढंच आलं, बिनकानाचा कप. चटका बसतो. दोन्ही हातांनी धरावा लागतो. दुसरे तीन कप फळीवर पालथे आहेत, ते पाहुण्यांसाठी.

पाटी पिशवीतून डोकावत होती. साबण घासायला म्हणून तिने ती बाहेर काढली. कपड्यांच्या साबणाची चिपटी खाचेतून फिरवली, भुसा फुंकला, चकती चालवून बघितली. लोण्यासारखी चालली. तो एकदाच हात लावून सांगून गेला होता, आणि ती वर्षभर नखाने ढकलत होती. मग तिने पाटी नीट टेबलावर ठेवली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तिच्या तोंडून ते तोंडपाठ वाक्य निघून गेलं. समजा तुम्हाला आणखी दहा वर्षं मिळणार आहेत, पण आज आहे अशीच. अशीच म्हणजे? तब्येत उत्तम. रक्तदाब नाही, साखर नाही, डोळे ठीक. सकाळी बस, संध्याकाळी बस, खाली हातोडी, फोन वाजला तर ऑफिसचा किंवा कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा, आणि त्या मुलीशी एकदा गरजेपेक्षा जास्त बोललं गेलेलं. ही वरची पट्टी. खालची काय? ठणठणीत तर आहेच मी. खालची म्हणजे मग, समजा, टेबलाच्या पलीकडे कोणीतरी. फार नाही. मीठ जास्त झालंय म्हणणारं कोणीतरी. किती वर्षं सोडाल? तिने बोट ठेवलं. चकती गेली. सातावर थांबेल असं तिला वाटलं, तिथे ती थांबली नाही. पाचावर थांबायला हवी होती. तिने हात झटकन मागे घेतला, जणू पाटीच तापली होती. साबणाचा दोष, ती स्वतःशी म्हणाली. फार गुळगुळीत झालीय. पण तिला कळलं होतं. ज्याच्या अंगात काही उरलेलं नाही तो एक दिवस सोडत नाही आणि जिला काही धाड भरलेली नाही ती निम्म्याहून जास्त मोडीत काढायला बसलीय. हे कुठल्या रकान्यात भरायचं? निरोगी माणसांना कोणी विचारतच नाही. त्यांना पूर्ण गुण आधीच देऊन ठेवलेले असतात.

सोमवारी सरांनी बोलावलं. सर भले गृहस्थ. टक्कल, चष्मा टायच्या टोकाने पुसायची खोड, आणि कोणी हळवं व्हायला लागलं की एक ठरलेलं वाक्य: "आकड्यांना भाऊबंद नसतात." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक आडवी तांबडी रेषा होती. एक धड वर्ष मिळवायला सरकारने जास्तीत जास्त किती खर्चावं, त्याची ती रेषा. कोणी आखली, कधी आखली, कोणाला ठाऊक नव्हतं. सर नोकरीला लागले तेव्हा ती होतीच. ज्या औषधाचा ठिपका रेषेच्या आत पडला ते मिळणार, बाहेर पडला ते नाही. "आता गंमत बघ," सर म्हणाले. "आजाराच्या पुढच्या टप्प्यातले पेशंट मुळात मोजके. त्यात निम्मे तुझे अडेल. हे धरले तर..." त्यांनी एक कळ दाबली आणि ठिपका रेषेच्या बाहेर गेला. "सोडले तर..." ठिपका आत आला. बाहेर. आत. लहान मुलाने दिव्याच्या बटणाशी खेळावं तसं त्यांनी ते दोन-तीनदा केलं, मग त्यांनाच बरं वाटलं नसावं, हात आवरला. "नियम सरळ आहे. प्रश्न न कळल्यामुळे अडले असतील तर सोडायचे. कळून अडले असतील तर धरायचे. ते ठरवणार मुलाखत घेणारा. म्हणजे तू. समोर तू बसली होतीस."

समोर ती बसली होती. शिवणकाम करणारी एक बाई होती, तिने पाटी उलटी करून ठेवली होती आणि म्हणाली होती, "बाई गं, मोजून दिलेलं कधी पुरलंय का? मला नातवाचे दात येताना बघायचेत." एक ट्रकवाला होता, तो म्हणाला, "गाडी भंगारात जाईपर्यंत चालवायची असते, किमतीला विकायची नसते." एक मास्तरीण होती, तिने प्रश्नच तपासून दिला होता, त्यात एक विसंगती आहे म्हणाली होती, आणि होती. आणि तो. अंगठ्याने चकती शून्यापर्यंत नेऊन परत आणणारा. या सगळ्यांना कळलं होतं. तिच्या उभ्या नोकरीत प्रश्न कोणाला खरंच कळला असेल तर तो याच लोकांना. हे खरं होतं, आणि हे खरं सरांच्या टेबलावर ठेवलं की ठिपका बाहेर जाणार होता, आणि त्याच्याबरोबर चहाचे दोन घोट, गच्ची, म्हातारा, सगळं. त्याच्या जगण्याला तो देतो तेवढी किंमत दिली तर तो मरणार. वाचवायचा तर म्हणायचं की या माणसाला अक्कल नाही, याचं जगणं काय लायकीचं आहे ते आम्ही याच्यापेक्षा जास्त ओळखतो. असला सापळा रचणाऱ्याचे हात कलम करायला हवेत, तिला वाटलं. पण रचणारा कोणी नव्हताच. समोर सर होते, सरांच्या टायला चष्म्याचा डाग होता, आणि खिडकीत कोणीतरी ठेवलेलं रोपटं सुकलं होतं.

"कळलं होतं का त्यांना?"

"नाही सर," ती म्हणाली.

"कोणालाच?"

"कोणालाच नाही. गोंधळले. शिकलेले नाहीत फारसे." मास्तरीण तिच्या डोळ्यांसमोर ताठ उभी राहिली. "मी दोनदोनदा समजावलं. त्यांना कळत नाही, सर."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काच पुसत राहिले आणि बिनचष्म्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काही दिसत होतं की नाही कोण जाणे. "खात्री आहे?"

"मी समोर होते."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले आणि शेवटची कळ दाबली. त्यांना हेच उत्तर हवं होतं की नको होतं, ते तिला कधीच समजलं नाही. अहवालात एक ओळ आली: काही जणांना प्रश्नाचे आकलन न झाल्यामुळे त्यांची उत्तरे वगळण्यात आली आहेत. समितीच्या बैठकीत त्या ओळीवर कोणी थांबलं नाही. बिस्किटं चांगली होती, चहा निवायच्या आत औषध मंजूर झालं. तिला कोणीतरी अभिनंदन म्हणालं. ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली, हात धुतले, मग परत धुतले, आणि मध्येच नळ बंद केला, कारण असे हात धुणारा माणूस तिने पाहिलेला होता.

औषध दवाखान्यात पोचायला उन्हाळा सरला. पहिल्या वाटपाच्या दिवशी तिचं तिथे काही काम नव्हतं. ती गेली. तो व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला बसला होता, आणखी वाळलेला, मांडीवर पांढरं खोकं, आणि खोक्यावरचं बारीक अक्षर डोळ्यांशी धरून वाचत होता. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा.

"मळमळ, चक्कर, विचित्र स्वप्नं," तो वाचत म्हणाला. "स्वप्नं फुकट आहेत की त्यांचे वेगळे?" मग खोकं खाली ठेवून, न बघता, "माझ्या बोलण्याने तर हे मिळायला नको होतं, मॅडम. मी हिशेब घालून पाहिला होता."

"हो."

"मग?"

खोटं बोलायचं तर आणखी एक बोलता आलं असतं. "मी सांगितलं, तुला प्रश्न कळला नाही."

त्याचा जबडा हलला, आणि तिला वाटलं, आता हा उठणार, खोकं बाकावर ठेवणार आणि पाय फेकत फाटकाबाहेर जाणार, तो ते करू शकतो, त्याच्याइतकं ते कोणीच करू शकत नाही. तिने बाकाची कड घट्ट धरली. मग त्याच्या छातीतून कसलातरी आवाज आला. तो हसत होता. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता तो वाकला, सिस्टरने दारातून डोकावून पाहिलं. "छडी," तो दम लागल्या आवाजात म्हणाला, "छडी खाली ठेवली का मास्तरांनी?"

"ठेवली."

"मला कळलं होतं."

"माहीत आहे."

"नुसतं माहीत असून काय उपयोग! लिहून काय दिलंस?" हसू गेलेलं होतं. राग होता, खराखुरा, कोवळा, शाळेतून घरी येतानाचा. "मी तिथं एकच गोष्ट माझी म्हणून ठेवली होती. तीही खोडलीस." खोडली होती. माफी मागितली असती तर तो उठून गेला असता. समोरून एक बाई रांगेतून बाहेर येऊन आपलं खोकं कानाशी हलवून बघत होती, आत खरंच काही आहे की नाही. दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"तुला कोणी विचारलं कधी?" तो म्हणाला. "ते पाटीवरचं."

"मीच विचारलं. एकदा."

"मग? किती दिलीस?"

तिला आकडा सांगता आला असता. "मी अडेल नाही रे," ती म्हणाली.

त्याने मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या हातांकडे नाही, खोक्याकडे नाही, सरळ तोंडाकडे, आणि ते बघणं तिला सोसेना. मग त्याने खोकं काखेत मारलं, बाकाला हात टेकून उठला, डावा पाय किंचित फेकत आला आणि तिच्या अगदी पुढ्यात उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "सरक जरा. तिथं ऊन लागतंय मला."